लाभ

चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात मापाडी होतो.
राजापुरी हळदीची पोती काट्यावर चढायची
आणि मी मोठ्यानं मोजायचो: लाभ, दोन, तीन...
एक म्हणायचं नाही. पहिलं पोतं नेहमी लाभच.
काट मारली, असं कुणी म्हणालं नाही कधी.
नाव पायगोंडा. नावातच पाय,
पण पायाकडं बघितलं कधी? छे.

आधी मुंग्या आल्या.
साखर आहे तिथं मुंग्या यायच्याच,
असं मीच हसून सांगायचो गणपती पेठेत चहा पिताना.
मग एका वर्षी मुंग्याही निघून गेल्या.
मला वाटलं, बरं झालं.

त्या संध्याकाळी अक्काताई म्हणाली, फरशीवर हे काय ओलं?
दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत लाल ठिपके.
चप्पल उलटी केली.
पोतं शिवायच्या दाभणाचं तुटकं टोक,
तळ भेदून वर आलेलं.
सकाळचे सौदे, दुपारची भरणी, बँक, बस्तीचं दर्शन,
सगळीकडं ते टोक घेऊन हिंडलो होतो मी
आणि माझ्या पायानं मला काही सांगितलं नव्हतं.

हळद दाबली जखमेत. आम्हाला दुसरं काय सुचणार?
मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी ती धुऊन काढली.
रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.
मग मिशीच्या केसाएवढा नायलॉनचा दोरा घेतला.
डोळे मिटा म्हणाल्या, टोचला की सांगा.
मी सांगत गेलो: लाभ, दोन, तीन, चार.
"काका, मी अजून लावलाच नाही."

पुन्हा केलं. दहा जागा. तीन कळल्या.
दहा पोत्यांत सात कमी.
जन्मात पहिली काट,
तीही माझ्याच पायानं मारलेली.

दस्तगीर हमालाचा अंगठा त्याच दवाखान्यात राहिला.
दाढी झाली की त्याच पात्यानं कुरूप तासायचा तो.
म्हणाला, अण्णा, दुखलं असतं तर वाचलो असतो की.
दुखण्याची इतकी आठवण काढणारा माणूस
मी पाहिला नव्हता.

आता रात्री भांडी आवरली की अक्काताई
कुंकवाच्या पेटीतला आरसा काढते,
माझ्या तळव्याखाली धरते.
बोटांच्या बेचक्यात बघते, चिखल्या नाहीत ना.
खोबरेल टाचेला. बेचक्यात थेंब नाही.
नखं सरळ कापते, कोपरे कोरू देत नाही.
सकाळी चप्पल दोनदा झटकून पुढ्यात ठेवते,
आणि पाय धुवायच्या पाण्यात आधी आपलं कोपर बुडवते,
पोरांना न्हाऊ घालताना बुडवायची तसं.
चैत्रात बस्तीला उजाडायच्या आत जातो मी.
फरशी तापली तरी मला कळायची नाही.
उशीर झाला तर देव समजून घेईल,
अक्काताई घ्यायची नाही.

दर पाडव्याला ह्याच पायांवर डोकं टेकवलं तिनं,
पण डोळे मिटून.
आता पाया पडत नाही. पाय बघते.
मला विचाराल तर हेच मोठं.

काल तिच्या हातातला आरसा मी घेतला.
म्हटलं, तुझे दाखव.
लाजली. लुगडं घोट्यावर ओढलं.
साखर तुम्हाला, मला काय झालंय?
टाचांना भेगा. खोल. एकीत हळद बसलेली,
कुठल्या सालची कोण जाणे.
दुखतं का गं?
दुखतं की, म्हणाली, रोजच दुखतं,
आणि वातीचं तेल संपलं म्हणावं इतकं सहज.
चाळीस वर्षं एका घरात
एक पाय रोज दुखत होता
आणि एक माप मी घेतलंच नव्हतं.

पहिल्या भेगेवर बोटानं खोबरेल लावलं.
सवयीनं तोंडातून आलं:
लाभ.